आवतणाचा धवला

आमच्या घरात पहिला कॉम्प्युटर आला तो भूपेशच्या कचेरीतून बाद झालेला. भूपेश माझा मुलगा, अंधेरीला एका औषधकंपनीत हिशेब बघायचा. तिथे नवी मशिनं आली तेव्हा जुनी ज्याला हवी त्याने न्या म्हणाले, आणि हा ते धूड रिक्षात मांडीवर घेऊन उमेळ्याला आला. अठ्ठ्याण्णव साल असावं. आमच्या वाडीतल्या केळी तेव्हा अजून होत्या, विहिरीवरचा पंप चालू होता आणि समोरच्या बाजूला एकच इमारत उभी राहिली होती. दसऱ्याला सूनबाईने, विनयाने, कोयत्या-कुदळींबरोबर त्या डब्यालाही कुंकवाचं बोट लावलं. ते नंतर कोणी पुसलं नाही.

कॉम्प्युटर भूपेशसाठी आणला होता, पण बसले त्यावर आमचे हे. आयुष्यभर सरकारी कचेरीत मराठी टंकलेखक होते. निवृत्तीनंतर बोटं मोकळी पडली होती. जेवतानासुद्धा ताटाच्या कडेवर बोटं वाजायची. मराठी अक्षरं येतात म्हटल्यावर ते रोज सकाळी अंघोळ करून, सदरा घालून त्याच्यासमोर बसायला लागले. कळ अशी दाबायचे की नात, तेजस्वी, आतून ओरडायची, "आजोबा, हळू. तो टाइपरायटर नाहीये."

त्यांनी त्यात काय उतरवलं ते सांगायचं तर आधी पुतळाबाई सांगायला हवी.

आमच्याकडे लग्नात भटजी शेवटी येतो. त्याच्या आधी मांडव घालण्यापासून हळद उतरवण्यापर्यंतचं सगळं काम धवलारणीचं. ती तांदळाच्या पिठाचा चौक भरते आणि प्रत्येक विधीचं गाणं म्हणते. त्या गाण्याला धवला म्हणतात. उंबराची फांदी आणली की तिचा धवला वेगळा, तांदूळ धुतले की वेगळा, हळद दळताना वेगळा. पुतळाबाई ही आमच्या भागातली धवलारीण. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी, काळी, बारीक, कपाळावर गोंदण. माझं लग्न लागलं तेव्हा ती नुकतीच आपल्या सासूच्या हाताखाली शिकत होती. मी सासरच्या पाटावर मान खाली घालून बसले होते आणि वरून तो आवाज येत होता. पन्नास वर्षं होत आली त्याला. त्या दिवसाचं दुसरं फारसं काही आठवत नाही, आवाज आठवतो.

सगळ्या धवल्यांत मोठा तो आवतणाचा. मांडव उभा राहिला की घरातल्या गेलेल्या माणसांना धवलारीण एकेकाचं नाव घेऊन लग्नाला बोलावते. नुसतं नाव घेऊन भागत नाही. तो माणूस कुठून निघणार, खाडी कोणत्या बंदरावर उतरणार, होडी कोणाची, वाटेत कोणत्या झाडाखाली बसणार, त्याला पाणी कोण देणार, गावात शिरताना कोणत्या देवाला विचारणार, हे सगळं त्या गाण्यात असतं. प्रत्येक घराच्या माणसांना वाट वेगळी. आगीने गेलेल्याची वेगळी, पाण्यात गेलेल्याची वेगळी, म्हातारपणाने गेलेल्याची वेगळी. पुतळाबाईला त्या सगळ्या वाटा पाठ होत्या. सासरे गेल्यानंतर घरात लग्न निघालं होतं दिराचं, तेव्हा तिने सासऱ्यांना बोलावलं आणि माझी सासू मांडवाच्या तोंडाशी अशी बघत राहिली की मीसुद्धा तिकडे मान वळवली होती.

तर यांच्या मनात आलं की हे उतरवून ठेवावं. पुतळाबाईचं कोणी शिकत नव्हतं. तिची सून पूर्वेच्या वसाहतीत कारखान्यात जायची, तिला वेळ नव्हता. पण धवला लग्नावाचून तोंडातून काढायचा नाही, असा पुतळाबाईचा नेम. "बसून सांग" म्हटलं तर ती हसायची. म्हणून हे गावातल्या, शेजारगावच्या प्रत्येक लग्नाला जाऊन बायकांच्या मागे बसायला लागले. तिथे पुरुष बसत नाहीत. बायकांनी त्यांना सोडलं नाही.

"धर्मादादा, लुगडं नेसून ये, मंग बस आमच्यात."

"नेसलो असतो," हे म्हणायचे, "पन पुतळाबाय सगल्यांदेखत पदर नीट घ्यायला लावील."

टेप लावू का, म्हणून त्यांनी एकदा विचारलं होतं. तिने साफ नाही म्हटलं. टेपात घातलं की उद्या रिक्षावाला लावील, परवा दारूच्या गुत्त्यात लागेल. लिहायला हरकत नव्हती, पण तिची अट होती. लग्न सरलं की मुंडावळ्या आणि मांडवाचा पाला तळ्यात सोडतात, त्याबरोबर कागदही सोडायचा. धवल्याचा कागद घरात लोळला, कोणाच्या पायाखाली आला, तर दोष तिला. यांनी शब्द दिला आणि पाळला. लग्नातून आले की पत्रिकांच्या कोऱ्या पाठींवर लिहिलेलं कॉम्प्युटरवर उतरवायचे आणि मग पत्रिका तळ्यात. कॉम्प्युटरचं मात्र तिला विचारायला हवं होतं. एकदा ती घरी आली तेव्हा त्यांनी तिला तो दाखवला. तिने त्याला चारी बाजूंनी बघितलं.

"याला पाय लागतो?"

"टेबलावर हाय. कसा लागंल?"

"मंग ऱ्हाव दे."

अशी चार-पाच वर्षं गेली. एक धवला एका लग्नात पुरा होत नसे. बायकांच्या गलक्यात अर्धी ओळ सुटायची, ती पुढच्या लग्नात भरायची. आवतणाचा सर्वांत लांब, तो शेवटी पुरा झाला. जिथे मेलेल्या माणसाचं नाव यायचं तिथे यांनी ठिपके ठेवले होते. पुरा झाला त्या दिवशी मला बोलावून पडदा दाखवला आणि म्हणाले, बघ, इथे कोणाचंही नाव बसतं. छापून घ्या म्हटलं तर म्हणाले, कागद नको, तिला शब्द दिलाय.

त्यांना कॉम्प्युटरातले कप्पे आणि कप्प्यांतले कप्पे उघडून शोधायचं जमत नसे. उगाच काहीतरी पुसलं जाईल अशी भीती. म्हणून भूपेशने प्रत्येक धवल्याचं एक लहान चित्र पुढच्या पडद्यावर आणून ठेवलं होतं, खाली नाव. मांडवाचा, उंबराचा, हळदीचा, आवतणाचा. चित्रावर दोनदा टिचकी मारली की धवला उघडायचा. चित्राच्या कोपऱ्यात एक छोटा वाकडा बाण असे. पुढे त्या बाणाविषयी आम्हाला सगळं समजलं, तेव्हा तो नक्षीसारखा वाटायचा.

दोन हजार तीनच्या माघात हे गेले. छातीत कळ आली आणि दवाखान्यात नेईपर्यंत संपलं. दिवस झाल्यानंतर पुतळाबाई माझ्याजवळ येऊन बसायची. काठी टेकत यायची, पायरीवर बसून पान कुटायची, फार बोलायची नाही. एकदा मात्र म्हणाली, "तेजूच्या लग्नात धर्माला मी हाक मारीन. तू तेवढी रडू नको. तू रडलीस का माझा आवाज फुटतो."

मी रडणार नाही म्हटलं. त्या वर्षात मला धरून ठेवणारं दुसरं काही नव्हतं. माणूस जातो, त्याच्या नावाने पान वाढतात, कावळा शिवतो, ते सगळं झालं. पण तो नातीच्या लग्नाला येणार आहे, त्याला वाट सांगणारी बाई पायरीवर बसली आहे, ही गोष्ट वेगळी होती.

त्याच पावसाळ्यात नवा कॉम्प्युटर आला. जुना सुरू व्हायलाच इतका वेळ घ्यायचा की विनया मधे कणीक मळून यायची. आतून घरघर यायची. तेजस्वी घरून कामं घ्यायला लागली होती, तिला तो पुरेना. स्टेशनजवळ आलोशियसचं दुकान होतं. चाळिशीचा गृहस्थ, आमच्या शेजारगावचा, यांच्या मयतालाही येऊन गेला होता. त्याने नवा दिला आणि जुना परत घ्यायचं ठरवलं. पोचवायला आला तेव्हा त्याने भूपेशला विचारलं होतं, "आतलं सगलं काढून घ्या हां भूपेशभाऊ. मी तो कोरा करून पुढे देऊन टाकनार." भूपेश म्हणाला, रविवारी काढतो.

तो रविवार मला चांगला आठवतो. बाहेर पाऊस होता, विनयाने अळूवड्या केल्या होत्या आणि पुतळाबाई पायरीवरून आत येऊन दाराशी बसली होती. दोन्ही कॉम्प्युटर शेजारी-शेजारी मांडले होते. जुन्याचा पडदा फुगीर, पिवळट, कुंकवाचा डाग तसाच. भूपेशने फ्लॉपी घातली, पडद्यावरच्या सगळ्या चित्रांभोवती एक चौकोन ओढला आणि एकदम उचलून फ्लॉपीत टाकली. क्षणात झालं.

"एवढ्यात?" मी विचारलं.

"आई, अक्षरांना जागा ती किती लागणार. फोटो असते तर वेळ लागला असता."

मग त्याने फ्लॉपी नव्या कॉम्प्युटरात घातली आणि चित्रं पडद्यावर ओतली. नावं ओळीने दिसली. मांडवाचा, उंबराचा, तांदळाचा, हळदीचा, आवतणाचा. एकही कमी नव्हतं. मी स्वतः मोजून घेतली. भूपेशच्या चेहऱ्यावर समाधान होतं. वडलांचं एक काम हातून नीट झालं असं ते समाधान.

विनया म्हणाली, "एखादा उघडून बघूया का?"

विनया नालासोपाऱ्याची. तिचं माहेर मूळ कोकणातलं, तिच्याकडे धवले नाहीत. तिने माउस हातात घेतलाही होता. पुतळाबाईने काठी आपटली.

"या घराला वरीस चाललंय. वरीस सरल्याबिगर धवला तोंडी घेव नये, तसा डोल्यांनी पन बघू नये. अशात आवतन उघडलंस आनि कोन आला, तर त्याला परत कोन पाठवनार? मना नाय येत पाठवायला."

विनयाने हात काढून घेतला. ती एरवी मुद्दा सोडणारी नव्हती, पण त्या दिवशी "बरं" म्हणाली आणि वड्या तळायला गेली. कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. तेराव्याच्या आधी कोणी लाडू वळत नाही, त्यातलंच ते. सोमवारी आलोशियसचा माणूस येऊन जुना डबा गोणपाटात गुंडाळून घेऊन गेला.

दिवाळीनंतर पुतळाबाई तापाने गेली. तीन-चार दिवसांतच. मी बघायला गेले तेव्हा तिची वाचा बसली होती. हात धरला तर तिने धरून ठेवला, एवढंच. स्मशानातून आलेली माणसं आमच्या ओटीवर टेकली होती. कोणीतरी म्हणालं की आता धवले संपले, पुढची लग्नं मुकी होणार. तेव्हा भूपेश म्हणाला, संपले कसे, बाबांनी एकूण एक उतरवून ठेवलेत, आमच्या कॉम्प्युटरात आहेत. माणसं त्याच्याकडे बघायला लागली. मला इतका अभिमान वाटला की पुतळाबाईचं दुःखसुद्धा थोडं मागे सरलं. त्यानंतर दोन-तीन घरची माणसं विचारून गेली की आमच्या मुलीच्या वेळी द्याल ना. देऊ म्हणून सांगितलं. वर्ष सरू दे म्हटलं.

वर्ष सरलं. वर्षश्राद्ध झालं आणि तेजस्वीचं जमलं. मुलगा कौस्तुभ, विरारचा, बँकेत. वैशाखातला मुहूर्त काढला. माझी जाऊ मनोरमा हिचा आवाज अजून चांगला होता. ती धवलारीण नव्हती, पण कागदावरून वाचून म्हणेन म्हणाली. चाल तिला ठाऊक होती. मग एका सकाळी देवाला दिवा लावून, कॉम्प्युटरला हळदकुंकू लावून, आम्ही सगळी त्याच्यासमोर बसलो. घरात आता लग्न होतं. उघडायला हरकत नव्हती.

भूपेशने आवतणाच्या चित्रावर दोनदा टिचकी मारली.

पडद्यावर एक छोटी चौकट आली. तीत एक विजेरी होती, इकडून तिकडे फिरणारी, अंधारात कोणी काही शोधावं तशी. बराच वेळ फिरली. मग दुसरी चौकट आली, इंग्रजीत. तेजस्वीने वाचून सांगितलं, की हवी ती वस्तू जागेवर सापडत नाही, तिच्याशी मिळतीजुळती एक आहे, ती चालेल का. ती मिळतीजुळती म्हणजे तेजस्वीचाच बायोडेटा होता, स्थळांना पाठवायला केलेला. ती हसली. आम्हीही हसलो. भूपेशने हळदीच्या चित्रावर टिचकी मारली. पुन्हा विजेरी. उंबराच्या. पुन्हा विजेरी. मग कोणी हसलं नाही. तो एकामागून एक चित्रावर टिचकी मारत गेला आणि प्रत्येक वेळी ती विजेरी फिरून रिकामी परत आली. मग ड्रॉवरमधली फ्लॉपी काढली. तीतही तीच चित्रं.

आलोशियसला फोन केला. तो स्कूटरवरून आला, खुर्चीवर बसला, एकदाच बघितलं आणि हात मागे घेतला. मग आमच्याकडे न बघता सांगितलं.

"भूपेशभाऊ, ही नुसती खून आहे. आत जायचा रस्ता. दारावरची पाटी काढून तुम्ही नवीन घराला लावलीत. मानसं जुन्या घरातच राहिली."

विनया म्हणाली, "त्या दिवशी मी उघडलं असतं तर."

"उघडलं का नाहीस मग?" भूपेश म्हणाला, इतक्या जोरात की तेजस्वी उठून आत गेली. ती चित्रं पडद्यावर कोणी मांडली, उचलली कोणी, उघडू कोणी दिली नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्यातलं एक माणूस जळून राख झालं होतं. मी भूपेशच्या पाठीवर हात ठेवला. सदरा ओला झाला होता.

जुना डबा कुठे गेला ते आलोशियसला आठवत होतं. मनवेलपाड्यात एकीने टायपिंगचे क्लास काढले होते, तिला दिला होता. क्लारा नावाची बाई, त्याच्या नात्यातली. कोरा करून दिला होता, हे त्याने तिथेच सांगितलं. पण म्हणाला, कोरं केलं तरी कधीकधी तळाशी काही राहतं, बघू. त्या "बघू"वर आम्ही निघालो. भूपेश, मी आणि तो. विरारला उतरून रिक्षाने. एका चाळीत, खाली पिठाची गिरणी, वर क्लास. जिना पिठाने पांढरा झालेला. खोलीत सहा-सात मशिनं ओळीने होती आणि मुली बसून कळा बडवत होत्या. मी भिंतीकडचं ओळखलं. कुंकवाचा डाग काळपट झाला होता, पण होता. मी जाऊन त्यावर हात ठेवला. ज्या मुलीचं ते मशीन होतं तिने मला बसायला जागा दिली. तिला वाटलं मला चक्कर आली.

क्लाराबाई भली. तिने विचारलंसुद्धा नाही की कशाला हवंय, आतली तबकडी काढून घेऊन जा म्हणाली. आलोशियसने ती दुकानात नेली आणि आठवडाभर तिच्यामागे लागला. भूपेश रोज कामावरून परत येताना दुकानात उतरायचा. मी ओटीवर वाट बघायचे. तो फाटकातून आत येताना त्याच्या चालण्यावरूनच समजायचं, तरी मी विचारायचे.

शेवटी आलोशियस स्वतः आला. त्याने सांगितलं ते असं, की गेले कित्येक महिने त्या तबकडीवर मुलींनी धडे गिरवले होते. तीच ती अक्षरं, पुन्हा पुन्हा, ओळीच्या ओळी. खालचं सगळं त्याने झाकून गेलं होतं. यांचं एकच काही अख्खं सापडलं होतं. त्याने ते छापून आणलं होतं. मी चष्मा लावून वाचलं. गल्लीतला दिवा गेले चार महिने बंद आहे, तरी तो सुरू करून मिळावा, ही नम्र विनंती. आपला विश्वासू. खाली पूर्ण नाव, पत्ता, उमेळे. एकही चूक नव्हती. त्यांची कधी नसायची.

तरी मी सोडलं नाही. गावात अजून बायका होत्या ज्यांनी आयुष्यभर पुतळाबाईच्या मागे बसून धवले म्हटले होते. सगळ्यांना बोलावलं. मनोरमा होती, तळ्याकाठच्या दोघी होत्या, पुतळाबाईची सूनही कारखान्यातून रजा काढून आली. आमच्या ओटीवर बसलो आणि आठवायला लागलो. घरात लग्न होतं, म्हणायला बंदी नव्हती. तेव्हा आम्हाला कळलं की आम्हाला काय येतं. धवलारीण ओळ सुरू करते आणि मागच्या बायका ती पुरी करतात. आम्ही सगळ्या मागच्या होतो. "या मांडवाच्या दारी," हे आम्हाला शंभर वेळा म्हणून पाठ होतं. त्याच्या आधी काय, ते कोणालाच सांगता येईना. खाडी होती, होडी होती, चिंचेचं झाड होतं असं मनोरमा म्हणाली, वड होता असं दुसरी म्हणाली. होडीच्या आधी झाड की झाडाच्या आधी होडी यावरून दोघी भांडल्या. शेवटी पुतळाबाईची सून म्हणाली, "घरात ती कधी बोललीच नाय ते. मना भाकऱ्यांचंच बोलायची."

मी भूपेशला म्हटलं, जाऊ दे. तो हो म्हणाला. पण त्या दिवसापासून तो कॉम्प्युटरच्या खोलीत झोपेनासा झाला, आणि ती चित्रंही पुसू देईना. तेजस्वी काम करायची तेव्हा ती तिच्या समोर तशीच ओळीने असायची.

मांडवाच्या दिवशी अंगणात मांडव उभा केला. केळीची वाडी आदल्या वर्षी बिल्डरकडे गेली होती, तेव्हा केळीचे खांब बाजारातून आणले. उंबराची फांदी मात्र खरी होती. विनयाने तांदळाच्या पिठाचा चौक भरला, थोडा वाकडा, पण भरला. तेजस्वी पिवळी साडी नेसून पाटावर बसली. यांचा फोटो हार घालून ओटीवर ठेवला होता. मी त्याच्या शेजारी, बाजूला बसले होते. वऱ्हाडाकडच्या बायका उष्टी हळद घेऊन वेळेआधीच आल्या होत्या आणि ताट धरून उभ्या होत्या. कौस्तुभची आई पुढे होती, शहाणीसुरती, मृदू बोलणारी बाई.

आवतणाची वेळ झाली. धवलारीण नाही म्हणून भटजीला आधीच बोलावलं होतं, तो बाजूला सरून उभा राहिला, त्याला कोणीतरी सांगितलं असावं. तेजस्वीने हात जोडले आणि डोळे मिटले. तिला सगळं माहीत होतं, तरी तिने मिटले. मनोरमाने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. मग तिने सुरुवात केली, म्हणजे शेवटच केला, आणि आम्ही सगळ्यांनी साथ दिली.

"या मांडवाच्या दारी."

मग थांबलो. तिथे पुतळाबाईची पुढची ओळ यायची. एक मूल रडत होतं, गॅसच्या शेगडीचा आवाज येत होता. पुन्हा म्हटलं. या मांडवाच्या दारी. पुन्हा थांबलो. या म्हणायला आम्हाला येत होतं. कोणत्या वाटेने यायचं ते आमच्यातल्या कोणालाच सांगता येत नव्हतं. तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा निम्म्या बायका गप्प होत्या. भूपेश मांडवाच्या खांबाला धरून उभा होता, त्याची पाठ आमच्याकडे होती. मी मांडवाच्या तोंडाकडे बघितलं. तिथे पावणेमंडळींच्या चपला होत्या आणि रस्त्यावर त्यांची टेम्पो-ट्रॅव्हलर लावलेली होती.

कौस्तुभची आई वाकून हळूच मला म्हणाली, "झालं का हो? हळद सुकायला लागलीय."

मी म्हटलं, "झालं."

तेजस्वीने डोळे उघडले. माझ्याकडे थोडा वेळ बघितलं, आणि मग हळदीसाठी गाल पुढे केला.